कढीलिंबावरचं लुगडं

आष्टी,
४ ऑक्टोबर १९३६

प्रिय खुर्शीद,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, कारण माझ्या टेबलावर भोपळे आहेत. खरंच आहेत. एक दौतीजवळ, एक चष्म्याच्या घरावर, आणि तिसरा इतका मोठा की त्याला बसायला खुर्ची दिली आहे. मी पलंगावर बसून मांडीवर पाट घेऊन लिहिते आहे, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

सुरुवातीपासून सांगते. पाऊस सरला तसा गावात हिवताप शिरला. घरोघर माणसं गोधड्यांखाली कुडकुडत पडली. दवाखान्यातून कोयनेल मिळतं, पण ते रिकाम्या पोटी घेतलं की माणूस भिंती धरून चालतो. आणि घरातली बाईच आजारी असली तर चूल पेटवणार कोण? म्हणून मी ठरवलं, पथ्याचे डबे पाठवायचे. मुगाच्या डाळीची मऊ खिचडी, वर चमचाभर तूप. आमचं स्वयंपाकघर मोठं, नंदा सासरी गेल्यापासून खाणारी तोंडं दोनच, आणि मला एक उपकार कधीचा फेडायचा आहे.

कुणाचा ते तुला ठाऊक आहे. सगुणाबाईंचा. नंदाच्या वेळी मी अडले होते, घरच्यांनी देव पाण्यात ठेवले होते, तेव्हा ह्या सुइणीनं मला अक्षरशः हाताला धरून परत आणलं. नंतर इकडून त्यांना धान्य, लुगडी, काय काय देऊ करणं झालं. त्यांनी चोळीचा खण तेवढा घेतला. म्हणाल्या, "सूनबाई, पोरगी जगली, तुमी जगलात. अजून काय घ्यायचं असतंय?" तेव्हापासून मला वाटतं, हे वरचे मिळालेले दिवस आहेत. ते कुणाच्या तरी कामी लागावेत. आणि आपल्या शाळेतल्या सिस्टर अ‍ॅग्नेस आठवतात ना? उजव्या हातानं दिलेलं डाव्याला कळू नये, आणि दिल्याच्या बदल्यात काही घेऊ नये. छडी टेबलावर आपटून सांगायच्या.

तर हे न घेणंच मला जमत नाहीये. डबे खिचडी घेऊन जातात आणि भरून परत येतात. पहिल्यांदा एकात वांगी आली. मला वाटलं, चुकून. मग मिरच्या आल्या, तुरीची डाळ आली, अंडी आली. मदिना मणियारणीकडून डबाभर हिरव्या बांगड्या आल्या, बरोबर माझ्या मापाच्या. भोपळे डब्यात मावत नाहीत म्हणून ते डब्यासोबत आले. आमचा गाडीवान कडूबा डबे पोचवतो. तो म्हणतो, "बाईसाब, पुढच्या साली कापूस नका लावू. खिचडी पेरा. हिच्यासारखं पीक न्हाई." काल इकडून ओसरीवर येणं झालं, चारी बाजूंना पाहणं झालं आणि विचारणं झालं, "दुकानाचं नाव काय ठेवायचं ठरलंय?"

मी हसून हसून खांबाला टेकले. पण खुर्शीद, एक डबा रोज तसाच्या तसा परत येतो. सगुणाबाईंचा. त्याही तापानं पडल्या आहेत. घरात एकट्या, लेक दूर परभणीकडे दिलेली. कडूबा डबा पुढे करतो, त्या म्हणतात, "भूक न्हाई." झाकणही उघडत नाहीत. ताप उतरलाय, पण हात काटकीसारखे झालेत म्हणे. ज्यांच्यासाठी हे सगळं मांडलं ते त्यांना सोडून साऱ्या गावाला पोचतं आहे. काही खाल्लं नाही तर त्या ह्या दुखण्यातून उठायच्या नाहीत, आणि मी इथे भोपळे मोजत बसेन.

काय करू ते सांग. भोपळ्यांचंही सांग.

तुझी,
उषा


जालना,
९ ऑक्टोबर १९३६

उषाराणी,

तुझं पत्र आमच्या वकीलसाहेबांच्या देखत वाचलं आणि इतकी हसले की त्यांनी हात पुढे केला. दिलं बाई पत्र. त्यांनी ते उलटं केलं, सुलटं केलं आणि परत दिलं. शाळेत आपण दोघींनी ठरवलेली ही एक गोष्ट फार शहाणपणाची होती. साऱ्या रियासतीत कचेरीची भाषा उर्दू, तेव्हा बायकांनी गुपितं मराठीत लिहावीत. लहानपणी जालन्याच्या गल्लीत शेजारणींकडून उचललेली मराठी माझ्या इतकी कामाला येईल असं अब्बांना वाटलं नव्हतं.

आणि हे "इकडून" काय? पत्रभर इकडून येणं झालं, इकडून पाहणं झालं. तुझ्या यजमानांना नाव नाही का? मला वाटतं घरात वारा शिरतो तो.

तू होतीस तशीच आहेस. घरून लाडूंचा डबा यायचा, तू तो जेवणघराच्या दारात उभी राहून वाटून टाकायचीस, आणि मग माझ्या खाटेशी येऊन हळूच विचारायचीस, "तुझ्याकडे काही आहे का गं?" माझ्याकडचे सगळे खारे बदाम मी तुझ्या दानधर्मापायी गमावले आहेत.

भोपळ्यांचा हलवा कर. खूप कर आणि मला पाठव.

डब्यांचं तर सोपं आहे. दवंडी पिटव. "ऐका हो ऐका, बाईसाहेबांचे डबे रिकामे परत करावेत. जो भरून पाठवील त्याला एक भोपळा दंड." बघ कसे सुतासारखे सरळ येतात.

आणि सगुणाबाईंची काळजी करू नकोस. कोयनेलनं जीभ कडू होते, मग अन्न नको वाटतं. खिचडीबरोबर लिंबाचं लोणचं दे. चव आली की खातील.

तुझी,
खुर्शीद


आष्टी,
१८ ऑक्टोबर १९३६

प्रिय खुर्शीद,

दवंडी पिटवली.

दवंडीवाल्या भुजंगला डफ घेऊन गावभर फिरवलं. मजकूर मी लिहून दिला होता, पण त्याला वाचता येत नाही, म्हणून त्यानं आपल्या मनानं म्हटला: "ऐका होऽ, बाईसाबाचा डबा ज्याच्या घरी जाईल त्यानं तो घासून, पुसून, बिलकुल रिकामा धाडावा होऽ. काई टाकलेलं बाईसाबाला चालणार न्हाई होऽ." दंडाचं वाक्य मी गाळलं होतं. उगाच भोपळे आणखी वाढले असते.

दुसऱ्या दिवशी कडूबा डबे घेऊन गेला आणि सगळेच्या सगळे तसेच घेऊन परत आला. कुणी घेतले नाहीत. एका घरी बरं वाटतंय, एका घरी उपास आहे, एका घरी दारच उघडलं नाही. तिसऱ्या दिवशीही तेच. पातेलंभर खिचडी कुणी खायची? शेवटी म्हशीपुढे ठेवली. म्हैस मात्र फार खूश आहे. कडूबा म्हणतो, ती आता कडब्याकडे बघतसुद्धा नाही, मान वर करून तुपाची वाट बघते.

मग मदिना आली. पाटी खाली ठेवली नाही, उभ्या उभ्याच म्हणाली, "आमच्या बांगड्या फुटक्या होत्या का बाईसाब?"

मी म्हटलं, "अगं नाही, सुरेख आहेत, ह्या बघ हातात आहेत."

"मंग रिकामा डबा काऊन मागता? रिकामं भांडं तर खैरातवाल्याला परत देतेत. आम्ही तुमच्या शेजारचे हाओत का फकीर?"

ती गेल्यावर कडूबा दाराशी पाय पुसत उभा होता. म्हणाला, "तरी मी म्हणून राह्यलो होतो मनात."

"मनात कशाला? मला म्हणायचं होतंस."

"तुमी शिकलेल्या."

मी विचारलं, "सगुणाबाईंनी लोणचं तरी चाखलं का?"

"बाईसाब, लोणच्यानं काय होतंय? तिच्या घरातली मडकी पालथी हायेत. तुमच्या डब्यात टाकायला दाणा न्हाई तिच्याकडं. भरला डबा घ्यावा अन् रिकामा द्यावा, असं ती मरंल पण करायची न्हाई."

"अरे, हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुमी कुठं इचारलं? तुमी म्हणलात डबा देऊन ये. मी देऊ गेल्तो. ती म्हणली भूक न्हाई. मी येऊन तेच सांगितलं, बराबर."

त्यांच्या घरी गुपचूप धान्य ठेवून येऊ का, असंही विचारलं. कडूबा म्हणाला, "ठेवा. संध्याकाळी तुमच्याच ओट्यावर असंल. काठी टेकत येईल अन् ठेवून जाईल, अन् वाटंत पडंल."

म्हणजे बघ, सगळ्या गावात फक्त एका बाईला खरोखर भूक आहे, आणि तिलाच "भूक नाही" म्हणावं लागतं. आणि मी भरीला दवंडी पिटवून बसले. लोणच्यानं काही होणार नाही, खुर्शीद. तुझी दवंडी तुला लखलाभ.

उषा


जालना,
२३ ऑक्टोबर १९३६

उषा,

या अल्ला, मी चेष्टा केली होती.

तुला चेष्टा कळत नाही हे मला ठाऊक असायला हवं होतं. भूगोलाच्या तासाला मी म्हटलं होतं की सिस्टरांना विचार, विषुववृत्त ओलांडताना गाडीला धक्का बसतो का, आणि तू उभी राहून विचारलंस. आपण दोघी दुपारभर व्हरांड्यात उभ्या होतो.

पण चूक माझीच मोठी. मी चेष्टा केली ती कशाची, तेही विसरून केली. आमच्याकडे ईदला हिस्से निघतात. थाळीवर भरतकामाचा रुमाल घालून शेजारी पाठवायची, आणि थाळी कधी रिकामी परत येत नाही. निदान चिमूटभर साखर. नव्यानं लग्न होऊन आले तेव्हा मीही सिस्टर अ‍ॅग्नेसच्या तोऱ्यात सासूबाईंना म्हटलं होतं, "हे तर देणं-घेणं झालं, ह्यात सवाब कसला, पुण्य कसलं?" त्या पान लावत होत्या. म्हणाल्या, "बेटी, थाळीत परत येते ती किंमत नसते. ती पुढच्या थाळीची हाक असते. रिकामी आली तर समज, त्या घरानं दार लावून घेतलं." इतकी वर्षं मी हे रुमालासारखं घडी घालून ठेवलं होतं. तुझं पत्र वाचून उलगडलं.

तेव्हा आधी भुजंगाला पुन्हा पाठव आणि आपले शब्द मागे घे. भोपळे आले तर येऊ देत.

सगुणाबाईंना देणं आता बंद कर. त्यांच्याकडे तू माग. दिलेलं त्या घेत नाहीत, पण दारात येऊन मागणाऱ्याला नाही म्हणणारी ती बाई वाटत नाही. त्यांच्याकडे असं काहीतरी असेलच, जे मागता येईल. डोळे उघडून बघ. आणि ह्या वेळी मी चेष्टा करत नाहीये. तीन वेळा सांगते, नाहीये.

खुर्शीद


आष्टी,
१ नोव्हेंबर १९३६

प्रिय खुर्शीद,

भुजंग पुन्हा फिरला. "ऐका होऽ, बाईसाबाची चूक झाली होऽ. डब्यात ज्याला जे टाकायचं ते टाकावं होऽ." चूक झाली हे मी सांगायला सांगितलं नव्हतं, पण त्याच वाक्यानं काम केलं. दुपारी डबे गेले, संध्याकाळी भरून आले. मदिनानं डब्यात लाखेच्या बांगड्या घातल्या आणि वरून निरोप पाठवला, "ह्या पण फुटक्या नाहीत." म्हैस नाराज आहे.

आता सगुणाबाई. त्यांच्याकडे काय आहे म्हणून मी कडूबाला विचारलं. त्यानं बोटांवर मोजलं. गाय नाही, कोंबडी नाही, वेल होता तो वाळला. "कढीलिंबाचं झाड हाय तेवढं परसात. लई गच्च." मी टाळी वाजवली.

पण अडचण अशी की कढीलिंब आमच्याही परसात आहे. त्यांच्याहून गच्च. वाटेवरून जाणाऱ्याला दिसतो. ज्याच्या दारी झाड त्यानं दुसऱ्याच्या दारी पाला मागायचा म्हणजे काय? म्हणून मी माझं हिरवं लुगडं धुतल्यासारखं ओलं केलं आणि झाडावर पसरून टाकलं. पार खालपर्यंत. आता विहिरीजवळ एखादी जाड नवरी डोक्यावरून पदर घेऊन उभी असावी तसं दिसतं. काल इकडून परसात जाणं झालं आणि घाईनं परत येणं झालं. "विहिरीवर पाहुण्या कोण आल्या आहेत?" मी म्हटलं, लुगडं वाळत घातलंय. म्हणणं झालं, "झाडाला नेसवून?"

मग कडूबाला रिकामा डबा देऊन पाठवलं. "सगुणाबाई, बाईसाबाला कढीलिंब पाहिजे," एवढंच सांग म्हटलं. त्या म्हणे उठून बसल्या. स्वतः चालत झाडापाशी गेल्या. डबा दाबून दाबून भरून दिला. मी इतकी आनंदले की लगेच तोच डबा रिकामा करून खिचडी भरून पाठवला.

डबा तसाच परत. "भूक न्हाई." आणि कडूबाच्या हाती निरोप: "सूनबाईला म्हणावं, तुमचा डबा तुमच्या घरी भरून आला. आता माझ्यावर काई न्हाई."

म्हणजे काय झालं ते पाहिलंस का? उपाशी बाईला मी झाडापर्यंत चालायला लावलं, तिच्या झाडाचा पाला ओरबाडून घरी आणला, आणि तिला दिलं काहीच नाही. आता डबाभर पाला आहे, पानं काळी पडत चालली आहेत, आणि इकडून रोज कढी जेवणं होत आहे.

तुझी युक्ती चुकली की मी?

उषा


जालना,
५ नोव्हेंबर १९३६
(कार्ड)

उषा, भांडं कोणाचं होतं? तुझं. अगं वेडे, भांडं त्यांचं हवं. तुझा डबा भरून तुझ्या घरी आला की गोष्ट संपते. त्यांचं भांडं तुझ्या घरी आलं की ते रिकामं परत करण्याची तुझी प्राज्ञा आहे का? नाही. आणि तुला भरून द्यायला अडवण्याची त्यांचीही नाही. कडूबाला पाठवू नकोस, तो बराबर डबा घेऊन जाईल. तू स्वतः जा. रिकाम्या हातानं जा.
पाकिटं संपली म्हणून कार्डावर लिहिते आहे. आष्टीचे पोस्टमास्तर वाचणारच. वाचा मास्तर, आणि सांगा मी बरोबर आहे की नाही.
खुर्शीद


आष्टी,
११ नोव्हेंबर १९३६

प्रिय खुर्शीद,

कार्ड पोचलं. कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलेलं होतं: "बरोबर."

मी दुपारी गेले, पायीच. सगुणाबाई दारात उन्हाला बसल्या होत्या, अंगावर घोंगडी. इतक्या लहान झाल्या आहेत गं. मला धरून ज्यांनी ओढून परत आणलं त्या ह्याच का, असं वाटलं. पण डोळे तेच. माणसाच्या आरपार जाऊन पाठीमागे काय आहे तेही बघून येणारे.

"सूनबाई? तुमी? गाडी कुठंय?"

"चालत आले. कढीलिंब हवा होता थोडा."

"मागल्या आठवड्यात डबाभर नेला की कडूबानं."

"संपला."

"डबाभर संपला."

"आमच्याकडे कढी फार होते."

त्यांनी मान हलवली. वर बघितलं, खाली बघितलं. आमच्या झाडाबद्दल एक शब्द विचारला नाही, त्यांना आठवत नसावं. माझा जीव भांड्यात पडला.

"भांडं?"

"विसरले."

"बरं मंग, पदरात घ्या."

ह्याचा मी विचारच केला नव्हता. तूही केला नव्हतास. मी म्हटलं, "पदराला डाग पडतील."

"पाल्याचे."

"पडतात. पाल्याचे फार वाईट डाग पडतात."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी सिस्टर अ‍ॅग्नेससमोर विषुववृत्ताबद्दल विचारून उभी होते तशी उभी होते. मग त्या भिंतीला धरून उठल्या, आत गेल्या. आत सगळी मडकी पालथी, कडूबा म्हणाला होता तशीच. एकच भांडं सुलटं होतं, जर्मन धातूचं, पोचे आलेलं पातेलं. ते घेऊन परसात गेल्या. मी मदत करायला पुढे झाले तर म्हणाल्या, "बसा. माझं झाड तुमाला वळखत न्हाई." पातेलं भरून माझ्या हातात दिलं.

"परत द्या बरं, जल्दी. एवढंच हाय."

पन्नाशी ओलांडलेल्या बाईनं गावातून पळू नये, पण मी पळाले. मदिना पाटी घेऊन समोरून येत होती, तिनं बाजूला होऊन वाट दिली आणि तिच्या तोंडून "बिस्मिल्ला" निघालं. घरी खिचडी तयारच होती. पातेलं भरलं, तूप घातलं, वर फडकं बांधलं आणि स्वतः घेऊन गेले. त्यांच्यापुढे ठेवलं.

"ह्याच्यात काय हाय?"

"तुमचं भांडं आहे, सगुणाबाई. रिकामं कसं आणू?"

त्या फडक्यावर तळहात ठेवून बसून राहिल्या, जसा बाळंतिणीच्या पोटावर ठेवतात तसा. मला वाटलं, आता म्हणतील, भूक नाही. तसं म्हटलं असतं तर माझ्याजवळ दुसरी युक्ती नव्हती, खुर्शीद. जालन्याला दुसरं कार्ड जाऊन येईपर्यंत त्या टिकल्या असत्या असंही मला वाटत नव्हतं.

मग त्यांनी गाठ सोडली.

पहिला घास घेतला तेव्हा मी झाडाकडे बघत होते. दुसऱ्याला, तिसऱ्यालाही झाडाकडेच. झाड काय सुंदर आहे, असं काहीतरी बोललेही. बऱ्याच वेळानं मागून आवाज आला, "सूनबाई, मीठ कमी हाय."

मी हसत हसत घरी आले आणि दाराशी पोचल्यावर रडले. इकडून विचारणं झालं, काय झालं? मी म्हटलं, मीठ कमी झालं.

दुसऱ्या दिवशी त्यांचं पातेलं आमच्या दारात, पाल्यानं भरलेलं. मी ते भरून पाठवलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा. हे आता थांबेल असं दिसत नाही. परवा लक्ष्मीपूजन आहे आणि आमच्या घरी फराळात सगळ्यात जास्त काय आहे म्हणशील, तर कढीलिंबाची चटणी. तुला बरणीभर पाठवते. बरणी माझी आहे, लक्षात असू दे.

तुझी,
उषा


आष्टी,
६ डिसेंबर १९३६

खुर्शीदबीबीस सगुणाबाईचा सलाम.

मी बोलून राह्यले अन् सूनबाई लिहून राह्यली. ती तुमची गोष्ट रोज सांगते, म्हणून म्हणलं, आपण बी दोन शबूद धाडावेत. (शब्द जसेच्या तसे लिहायचे असा हुकूम आहे. – उषा)

माझी तब्येत आता बरी हाय. काठी टाकून दिली. सकाळी सूनबाईच्या चुलीपाशी येऊन बसते. खिचडीत मीठ मी घालते, तिच्या हाताला मिठाचा अंदाज न्हाई. (आहे.) न्हाई. गावातला ताप गेला, पण डबे चालू हायेत. आता बाळंतिणीच्या घरी जातेत. कोणच्या घरी कोण अवघडलंय ते सूनबाईला ठावं नसतंय, मला असतंय. असं आमचं दोघीचं मिळून चाललंय. मालक म्हणतेत, दुकान मोठं झालं. कडूबा भोपळे खाऊन खाऊन भोपळ्यासारखा झालाय.

आता एक गोष्ट सांगते. ती सूनबाईनं बराबर लिहावी, गाळू नये. (लिहिते आहे.)

सूनबाईच्या परसात कढीलिंबाचं झाड हाय. नंदाच्या बारशाला माझ्या झाडाचं रोप मीच आणून लावलंय तिथं.

(खुर्शीद, मला हे ठाऊकच नव्हतं. मी तेव्हा खोलीबाहेर आलेच नव्हते. जरा थांबते.)

थांबली बघा. लिही गं बाई. कडूबा डबा घेऊन पाला मागाया आल्ता, त्याच्या आधीच मदिना मला सांगून गेल्ती. म्हणली, "सगुणामावशी, बाईसाबाच्या झाडानं हिरवं लुगडं नेसलंय, तुमी या बघायला." मी आजारात होते तरी हसले. लई दिवसांनी हसले. पण काऊन नेसवलं ते कळलं न्हाई. कडूबा दारात आला अन् म्हणला पाला पाहिजे, तेव्हा कळलं.

तरी मी डबा न्हाई घेतला. म्हणलं, मला दया नको.

मंग सूनबाई स्वतः आली. उन्हात, पायी. म्हणली पाला संपला. म्हणली कढी लई होते. म्हणली पदराला डाग पडतेत. पदर जुना होता, बीबी, तिथं आधीचाच हळदीचा डाग होता. (होता.) येवढ्या मोठ्या घरची, येवढी शिकलेली, अन् तिला धड खोटं बोलाया येत न्हाई. माझ्या दारात मागणारी होऊन उभी राह्यली. मी म्हणलं, सगुणे, दारात आलेल्याला आजवर कधी रिकाम्या हातानं धाडलं न्हाई, अन् हिला धाडती का? मंग भांडं दिलं. भांड्यासोबत काय परत येणार ते मला ठावंच होतं.

तिला वाटलं, तिनं मला खाऊ घातलं. (वाटलं होतं.) वाटू द्या.

लुगडं अजून झाडावरच हाय. मी काढू देत न्हाई. येणारे-जाणारे हसतेत, बाळंतिणी मुद्दाम बघायला येतेत.

कडूबा कापसाच्या गाड्यांसोबत जालन्याला येऊन राह्यलाय. त्याच्या हाती माझं पातेलं धाडते. त्यात माती हाय अन् कढीलिंबाचं रोप हाय, माझ्या झाडाचं. तुमच्या अंगणात लावा, पाणी बेतानं घाला. सूनबाई म्हणली, तुमचे रोजे चालू हायेत अन् ईद जवळ आलीय.

भांडं माझं हाय, बीबी. पुढचं तुमाला ठावं हाय.

सगुणाबाई
(अंगठा)